कापसाच्या गाठीवर क्यूआर कोड आला, पण त्यात आपलं वावर आहे का?

बोंडफूल · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. हिंगणघाटकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी नोंदी आणि हिशोब बघते. घरची सात एकर कोरडवाहू आहे, त्यात साडेचार एकर पऱ्हाटी (म्हणजे कापूस), बाकी तूर आणि सोयाबीन. त्यामुळे हा प्रश्न ऑफिसचाही आहे आणि घरचाही.

मागच्या आठवड्यात दक्षिणेतल्या एका सूतगिरणीचे खरेदीदार आले होते. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, आवारात रचलेल्या एका गाठीवरचं लेबल त्यांनी फोननं स्कॅन करून दाखवलं. जिनिंगचं नाव, प्रेसिंगची तारीख, धाग्याची लांबी, कचरा, ओलावा, सगळं पडद्यावर आलं. "ही नोंद ब्लॉकचेनवर आहे, आता कोणालाच बदलता येणार नाही," असं ते म्हणाले. आमचे एक सभासद काका बाजूला उभे होते. सकाळीच पिकअपमधून कापूस आणून टाकलेला, सदऱ्यावर अजून रुई चिकटलेली. त्यांनी वाकून फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "याच्यात माहा कापूस हाये का?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. म्हणून इथे ही चर्चा सुरू करतेय.

मला जेवढं समजलंय ते आधी मांडते. ही मागणी हवेतून आलेली नाही. अमेरिकेत २१ जून २०२२ पासून असा कायदा लागू आहे की चीनच्या शिनजियांग प्रांताचा धागा मालात असेल तर तो सक्तीच्या मजुरीचा आहे असं धरूनच अडवायचा. तसा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्याची. युरोपीय संघाचा नवा कायदा जुलै २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार टप्प्याटप्प्यानं वस्तूंना डिजिटल पासपोर्ट लागणार, आणि कपडे त्यात अग्रक्रमावर आहेत. म्हणजे शर्ट विकणाऱ्याला कापूस कुठला, कसा पिकवला, हे सांगावं लागणार. तो सूतगिरणीला विचारणार, सूतगिरणी जिनिंगला, आणि जिनिंग आपल्याला.

आपल्याकडेही तयारी सुरू झाली आहे. ७ ऑक्टोबर २०२० ला, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसासाठी 'कस्तुरी कॉटन' हे ब्रँडचं नाव जाहीर झालं. त्या गाठींचा माग ब्लॉकचेनवर ठेवला जातो. भारतीय कापूस महामंडळानंही आपल्या गाठींवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. कापूस कोणत्या गावात खरेदी झाला, कोणत्या कारखान्यात त्यावर प्रक्रिया झाली, हे त्यातून कळतं.

माझा प्रश्न एवढाच: यानं आपली शेती जास्त टिकाऊ होणार का? औषधाचा खर्च, जमिनीचा पोत, मजुरांचं आरोग्य, पदरात पडणारा भाव, यातलं काय बदलणार? जाणकारांनी लिहावं, आणि वावरात राबणाऱ्यांनी तर नक्कीच लिहावं.

धंतोलीचा_कोडकरी · रविवार, रात्री १०:०२

ताई, चांगला विषय काढलात. मी नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आजोळ आर्वीचं. तांत्रिक बाजू सांगतो.

गावातल्या किराणा दुकानाची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. वही एकट्या दुकानदाराकडे असते, त्यानं पान फाडलं तर आपण काही करू शकत नाही. आता समजा त्याच वहीच्या पाच प्रती आहेत: एक तुमच्या कंपनीकडे, एक जिनिंगकडे, एक सूतगिरणीकडे, एक बँकेकडे, एक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा अंगठा उमटलेला, म्हणजे त्या पानावरच्या मजकुरातून संगणकानं काढलेली खूण. मागच्या पानावरचा एक आकडा जरी कोणी खोडला तरी पुढच्या सगळ्या पानांवरचे अंगठे जुळेनासे होतात आणि उरलेल्या चौघांना लगेच कळतं. ब्लॉकचेन म्हणजे मुळात एवढंच.

आणखी एक गैरसमज: ब्लॉकचेन म्हटलं की लोकांना बिटकॉइन आणि त्याला लागणारी प्रचंड वीज आठवते. पण मालाचा माग ठेवायला तसली यंत्रणा वापरत नाहीत. इथे ठरावीक ओळखीचे भागीदार असतात, त्यांना साधे सर्व्हर पुरतात. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेननंसुद्धा सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तेव्हा विजेच्या कारणानं ही गोष्ट नाकारू नका.

मात्र वहीत खोडता येत नाही याचा अर्थ वहीत खरंच लिहिलंय असा होत नाही. पहिल्यांदा खोटं लिहिलं तर ते खोटंच कायमचं पक्कं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रुईगाठ · सोमवार, सकाळी ७:३०

मी जिनिंगमध्ये तीस वर्षं काढली, आता सुपरवायझर आहे. काकांच्या प्रश्नाला काऊन उत्तर नाही ते सांगतो.

१७० किलोची एक गाठ बांधायला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो, कारण १०० किलोतून ३३-३४ किलो रुई निघते आणि बाकी जवळजवळ सगळी सरकी. गाठी विकल्या जातात १०० च्या लॉटनं. म्हणजे एका लॉटला ५०० क्विंटल. आपला लहान कास्तकार आणतो २० क्विंटल, तेही तीन वेचण्यांत. त्याची गाडी काट्यावर चढते, वजन होतं, ओलावा बघतो, आणि कापूस गंजीवर रिकामा होतो. त्याच्या आधी पन्नास गाड्या, मागे पन्नास गाड्या. सक्शन पाइप गंजीत घातला की कोणाचा कापूस कुठे गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गाठीवरचा कोड खोटा नाही, पण तो गाठ बांधली तिथपासून खरा आहे. त्याच्या मागे आहे ती गंजी.

वेगळा लॉट चालवता येतो, येत नाही असं नाही. पण आधी प्री-क्लिनर रिकामा करावा लागतो, जिनची ओळ थांबवून गॅलरी झाडावी लागते, रुईचा हॉल मोकळा करावा लागतो. दोन-अडीच तास मशीन बंद. ऐन हंगामात मालक विचारतो, हा खर्च कोण देणार? आणि तो चुकीचं विचारत नाही.

काळी_कसदार · सोमवार, सकाळी ९:१५

राळेगाव तालुक्यातून लिहून रायलो. ताई, पयली कडी कुठी तुटते ते मी सांगतो. ते तुटते आमच्या वट्यावर.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८,११० रुपये होता. पण कापूस घरात येते तवा मजुराईची वेचाई द्याची असते, दुकानदाराची उधारी असते, पोराची फी असते. दारात खेडा खरेदीवाला उभा असते, हातात नगदी. तो हमीभावाच्या कितीतरी खाली घेते आन् आम्ही देतो. मंग तोच कापूस दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर हमीभावात जाते. मागच्या हंगामात एका व्यापाऱ्यानं माह्या चुलत्याकडून सातबारा आन् आधारची झेरॉक्स नेली, काय कामाले ते सांगतलं नाई. चुलत्याच्या वावरात तवा सोयाबीन होतं, कापसाचं एक झाड नाई!

आता सांगा, त्या कापसाची नोंद तुमच्या साखळीत गेली तर कोणाच्या नावानं जाईन? चुलत्याच्या. आन् ते कायमची पक्की. फवारणी केली म्या, नाव लागलं त्याचं. ई-पीक पाहणीत फोटो घेतेत, फार्मर आयडी झाला, हे सगळं चांगलं हाये. पण नगदीची नड हाये तवर कागद एकाचा आन् माल दुसऱ्याचा असंच चालते.

बोंडफूल · सोमवार, दुपारी १:४०

दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्या गावातही हेच आहे आणि आम्ही सगळे ते गृहीत धरून चालतो.

म्हणजे दोन जागा सापडल्या: ओट्यावरची खरेदी आणि जिनिंगची गंजी. या दोन्ही जागी संगणकाचा काही संबंध नाही. एकीकडे नगदी नाही म्हणून नोंद बिघडते, दुसरीकडे मशीन थांबवायचा खर्च कोणी देत नाही म्हणून.

रुईगाठ काका, २२ सभासदांनी मिळून एकाच वेळी माल आणला तर? आमच्या गटात सरासरी २५ क्विंटल धरले तर ५५० क्विंटल होतात. एक पूर्ण लॉट निघतो. मग गाठ एका माणसाची नसली तरी एका गावातल्या २२ माणसांची आहे, असं छातीठोकपणे सांगता येईल. काकांना "हो, याच्यात तुमचा कापूस आहे" असं म्हणता येईल.

सेलूचे_आजोबा · सोमवार, रात्री ८:२०

मी २००३ पासून रसायनाशिवाय शेती करतो. सेंद्रिय कापसाचं नाव कसं खराब झालं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

सेंद्रिय कापडाला जागतिक प्रमाणपत्र देणाऱ्या 'गॉट्स' या संस्थेनं ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की भारतातून २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. ११ कंपन्यांवर बंदी आली. सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. त्या खोट्या कागदांवर क्यूआर कोडही होते, आणि ते स्कॅन केले की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडायची! म्हणजे कोड आहे, स्कॅन होतो, पडद्यावर माहिती येते, तरी सगळं खोटं. त्यानंतर आमच्यासारख्या खऱ्या सेंद्रियवाल्यांकडेही खरेदीदार संशयानं बघू लागले. वीस वर्षं शेणखत, जीवामृत, कामगंध सापळे करणाऱ्या माणसाला आपण चोर नाही हे पटवून द्यावं लागतं, यासारखं दुःख नाही.

म्हणून मला ही साखळी हवी आहे. कोडकरी म्हणतात तशी पाच ठिकाणी वही असती तर एका नकली संकेतस्थळावर भागलं नसतं. विकलेल्या रुईचा आकडा पिकलेल्या कापसाच्या आकड्याशी ताडून पाहता आला असता. एकरी पाच-सहा क्विंटल पिकणाऱ्या कोरडवाहू गटाच्या नावावर दुप्पट रुई निघाली तर वहीनंच बोंब ठोकायला हवी. या हिशोबासाठी ब्लॉकचेन उपयोगाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक समजून घ्या. आपल्याकडे 'बेटर कॉटन' या शाश्वत कापसाच्या जागतिक कार्यक्रमाचे बरेच गट आहेत. त्यांची जुनी पद्धत वजनाच्या ताळ्याची. गिरणीवर १० किलो ज्वारी दिली, ९ किलो पीठ मिळालं, पण दाणे आपलेच होते असं नाही, तसं. त्यांनी नोव्हेंबर २०२३ पासून प्रत्यक्ष मालाचा माग ठेवायला सुरुवात केली. तेव्हा काळी_कसदार, आज ना उद्या हे आपल्या दारात येणारच आहे. तयारीनं सामोरं गेलेलं बरं.

ओटीभरकापूस · मंगळवार, सकाळी ६:५०

मी बचत गटाचं काम करते आणि हंगामात वेचायलाही जाते. तुम्ही सगळे वावर, जिनिंग, गिरणी म्हणता. वेचणारीचं नाव अजून कोणी घेतलं नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. बोंडअळीनं लोक घाबरलेले, पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, औषधावर औषध मिसळून पंपानं मारलेलं. आमच्या शेजारच्या गावातला एक जण आठ दिवस डोळे उघडू शकत नव्हता. त्या वर्षीच्या कापसाच्याही गाठी बांधल्या गेल्या, कापडही झालं. तेव्हा गाठीवर कोड असता तर त्यात लांबी असती, ओलावा असता. फवारणाऱ्याला हातमोजे मिळाले होते का, हे असतं का?

शाश्वत म्हणायचं तर हे लिहा: कोणतं औषध, कितव्या दिवशी, कोणी मारलं, अंगावर काय घातलं होतं. वेचाई किलोला किती दिली आणि किती दिवसांनी दिली. पावती बाईच्या नावानं निघाली की नवऱ्याच्या. आमच्याकडे यंदा किलोला १० रुपये आहेत. मी दिवसाला ४० किलोच्या आसपास वेचते, दव असलं की सकाळी उशिरा सुरू होतं. कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरली की कंबर धरते.

आणि स्वच्छ कापूस पाहिजे असेल तर आम्हाला विचारा. युरियाच्या पोत्यात कापूस भरला की पोत्याचा प्लास्टिकचा धागा रुईत जातो. तो रंग धरत नाही, कापड रंगवल्यावर ठिपका दिसतो. आम्हाला सुती चादरी आणि डोक्याला बांधायला सुती फडकी द्या, तुमचा कचऱ्याचा आकडा आपोआप खाली येईल.

रुईगाठ · मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, लाख बोललात. आमच्याकडे रुईच्या हॉलमध्ये बाया दिवसभर बसून प्लास्टिकचे दोरे आणि केस निवडतात. चादरी दिल्या तर अर्धं काम वावरातच होईल.

धंतोलीचा_कोडकरी · मंगळवार, रात्री ९:३०

वरच्या प्रतिसादांनंतर मी माझं मत थोडं बदलतो. तंत्राच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, वही कोणाची. एका बड्या जहाज कंपनीनं आणि एका बड्या संगणक कंपनीनं मिळून २०१८ मध्ये 'ट्रेडलेन्स' नावाची ब्लॉकचेन काढली होती, जगभरच्या कंटेनरांचा माग ठेवायला. तंत्र उत्तम होतं. पण व्यवहारातल्या सगळ्यांचा जो सहभाग लागतो तो मिळाला नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर झालं. माझ्या मते प्रतिस्पर्ध्याच्या वहीत आपला हिशोब लिहायला कोणी सहसा तयार होत नाही. उद्या एखादी सूतगिरणी म्हणाली की आमच्या ॲपवर शेतकऱ्यांची माहिती भरा, तर आधी विचारा: आमची प्रत आमच्याकडे राहील का? करार संपला तर पाच वर्षांच्या नोंदी आम्हाला दुसऱ्या खरेदीदाराला दाखवता येतील का? उत्तर 'नाही' असेल तर ती साखळी तुमच्या गळ्यात बांधलेली आहे.

दुसरी, काय लिहायचं नाही. कोणाच्या घरात किती क्विंटल कापूस भाव वाढायची वाट बघत पडला आहे, हे खरेदीदाराला कधीच दिसता कामा नये. दिसलं की भाव पडलाच म्हणून समजा. आधार, सातबारा, फोन नंबर साखळीवर टाकू नका. तिथून ते पुसता येत नाहीत, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. कागद आपल्या कपाटात, साखळीवर फक्त त्याचा अंगठा. वाद झाला तर कागद काढायचा आणि अंगठा जुळवायचा. गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले, तिथेही हेतू हाच होता: दाखला खरा आहे हे कोणालाही ताडून पाहता यावं.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. द्राक्षवाल्यांचं 'ग्रेपनेट' ब्लॉकचेनशिवाय वर्षानुवर्षं चाललं आहे. प्रत्येक बागेची नोंदणी, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, मगच निर्यात. ते चाललं कारण बाग ठरलेली आहे आणि तपासणारा माणूस प्रत्यक्ष बागेत जातो. तुमच्या २२ जणांना सुरुवातीला साधी वही आणि एक्सेलसुद्धा पुरेल. ब्लॉकचेनची गरज पडते ती एकमेकांवर विश्वास नसलेले पाच जण एकत्र आले की.

कारंजा_सोयाबीन · मंगळवार, रात्री १०:१०

थोडं वेगळं. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवला की त्याची पावती ब्लॉकचेनवर निघते आणि तिच्यावर बँक तारण कर्ज देते. मी तूर ठेवली होती. नड भागली आणि तूर घाईत विकावी लागली नाही. काळी_कसदार भाऊंनी नगदीचा जो मुद्दा काढला, त्याचं उत्तर मला इथे दिसतं. गोदामात माल खरोखर असतो, कुलूप असतं, वजन झालेलं असतं, म्हणून ती नोंद खरी असते.

काळी_कसदार · बुधवार, सकाळी ८:४०

हे बरं सांगतलं भाऊ. पण कापूस तुरीवानी पोत्यात राहत नाई, त्याले जागा लागते आन् आगीचं भेव.

बाकी मले हिशोब पाह्यजे. गिरणीवाला जास्तीचे किती देते? ते सांगा, मंग नाव लिवतो.

बोंडफूल · बुधवार, रात्री ९:५५

हिशोब मांडला आहे, बघा.

खरेदीदार खंडीमागे १,००० रुपये जास्त देतो म्हणाले. ऐकायला बरं वाटलं. पण खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, तिला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे क्विंटलला जेमतेम ९५ रुपये. स्वच्छ वेचणीसाठी आम्ही किलोला एक रुपया जास्त द्यायचं ठरवलं, तर क्विंटलला १०० रुपये तिथेच गेले. चादरी, नोंदी ठेवणारा मुलगा, जिनिंगची मशीन थांबवण्याचा खर्च अजून बाजूलाच आहे. शेतकऱ्याला उलट पदरचे घालावे लागतील.

मी हा कागद त्यांना पाठवला आणि २,५०० मागितले, म्हणजे क्विंटलला सुमारे २४० रुपये. आज दुपारी फोन आला. एक लॉट, २,३०० वर तयार आहेत. अट अशी की औषधांच्या नोंदी पेरणीपासूनच्या हव्यात. आमच्या २२ पैकी १४ जणांकडेच तशी वही आहे. बाकी आठ जणांना मी खोट्या तारखा भरू देणार नाही. त्यांच्या नोंदी पुढच्या जूनपासून सुरू करू आणि यंदा तेवढा माल शेजारच्या गावातल्या वही ठेवणाऱ्या सभासदांकडून घेऊ. गाठीवर दोन गावांची नावं येतील, तीच खरी असतील.

आजोबांचा ताळा पहिल्या दिवसापासून ठेवायचा: एकरी पीक, आणलेला कापूस, निघालेली रुई, सरकी. ओटीभरकापूस ताई, वेचाईची पावती वेचणारीच्या नावानं काढायची, हे काल बैठकीत मंजूर झालं. दोघांनी कुरकुर केली, पण झालं. नगदीसाठी कंपनी काट्यावरच ६० टक्के उचल देईल, त्यासाठी बँकेशी बोलणं सुरू आहे. बँकेचा होकार आल्याशिवाय मी कोणाला शब्द देणार नाही.

रुईगाठ · गुरुवार, सकाळी ७:१५

मालकाशी बोललो. रात्रपाळी संपली की पहाटे चार ते सहा मशीन झाडून देऊ, तुमचा लॉट सहाला सुरू. दिवसा थांबवायची गरज नाही, खर्च निम्म्यावर येईल. आवारात तुमच्या गंजीला वेगळा कोपरा आणि मधे दोरी. गाड्या शक्यतो दोन दिवसांत सगळ्या आणा. आठवडाभर रेंगाळल्या तर दुसऱ्याचा कापूस उडून मिसळतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास ठेवा, सकाळच्या दवातला वेचू नका.

बोंडफूल · गुरुवार, रात्री ८:३०

काका, पहाटे चारला मी स्वतः येते झाडायच्या वेळी.

आज संध्याकाळी पहिली नोंद केली, ज्यांनी प्रश्न विचारला त्याच काकांच्या ओट्यावर. पहिलं गाठोडं ४१ किलो ६०० ग्रॅम. वेचणाऱ्या तिघींची नावं, तारीख, वावराचा गट क्रमांक, सगळं आमच्या वहीत. काकूंनी वजन दोनदा करायला लावलं, कारण आमच्या काट्यात आणि त्यांच्या घरच्या काट्यात ३०० ग्रॅमचा फरक आला. तेव्हा कोणी सांगू शकेल का, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वर्ध्याला किती दिवसांत करून मिळतं? शनिवारच्या आत दोन काटे लागतील.